कोरी फीत

सेल वाचवण्यात माझा हात कुणी धरला नसता. वॉकमनला दोन पेन्सिल सेल लागायचे आणि गाणी मागे न्यायचं बटण दाबलं की ते भराभर उतरायचे. म्हणून मी कॅसेट बाहेर काढायची, भोकात बॉलपेन अडकवायची आणि गरागरा फिरवायची. उतरलेले सेल डोंबिवलीतल्या आमच्या चाळीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची. तेवढ्यात आणखी दोन गाणी तरी व्हायची.

वॉकमन ताईचा. माझ्या थोरल्या बहिणीने पहिल्या पगारातून घेतलेला. इअरफोनचं एक बोंडूक तिच्या कानात, दुसरं माझ्या. कल्याणच्या एका दुकानात गाण्यांची यादी दिली की आठवड्याने कॅसेट भरून मिळायची. यादीत कुणाची गाणी जास्त, यावरून आमची जुंपायची.

तिचं लग्न खडवलीला ठरलं, तेही नेमकं माझ्या बारावीच्या पेपरांत. पाठराखीण म्हणून मी जाणार होते, त्याऐवजी मावशी गेली. निघताना ताईने वॉकमन आणि आमची कॅसेट माझ्या हातात दिली.

"शेवटपर्यंत ऐक हं."

"मला काय सांगतेस? पाठ आहे मला!"

रोज ऐकायची. शेवटचं गाणं संपलं की लगेच बंद. पुढची फीत कोरी, तिच्यावर सेल कशाला घालवा?

दीड महिन्याने ती माहेरी आली. आल्या आल्या विचारलं, "कॅसेट ऐकलीस?"

"रोज ऐकते!"

ती पिशवी उचलून आत आईकडे गेली. पुढे येत राहिली, पण पाहुणीसारखी. पोरगी सासरी रमली, असं आई कौतुकाने सांगायची. मला मात्र ताईची आठवण यायची, ती समोर बसलेली असतानासुद्धा यायची.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी ठाण्यात नोकरीला होते. तिथे एक कॉम्प्युटरवाला जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचा. त्याच्याकडे आमची कॅसेट टाकली. आणायला गेले तर म्हणाला, "मॅडम, एंडला कोणीतरी लेडीज बोलतेय. ठेवू की उडवू?"

मी हेडफोन लावला. ताईचा आवाज, लग्नाआधीचा.

"तोंडावर बोलायला गेले तर रडेन, म्हणून शेजारच्यांच्या टेपवर भरतेय. पाठराखीण मला तूच हवी होतीस गं. शेवटचा पेपर झाला की त्या रविवारी चारच्या गाडीने ये. एकटीच ये. मी स्टेशनवर येते."

दुकानात, लोकांसमोर, मला रडू फुटलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी खडवलीला गेले. ताई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, सेल वाचवण्यासकट. ती मान खाली घालून खडे वेचत राहिली.

"तू आलेलीस स्टेशनवर?" मी विचारलं.

"सातच्या गाडीपर्यंत थांबलेले," ती म्हणाली. "मग म्हटलं, पेपर अवघड गेला असेल तुला."