मंदाचं बाळ पाहायला लोणीपर्यंत

नारायण पेठेतल्या माणसाला हडपसर ओलांडलं की परदेशी आल्यासारखं वाटतं. मीही पाण्याची बाटली, टोपी, छत्री असा सगळा जामानिमा करून पूलगेटला लोणी काळभोरची बस पकडली. निमित्त मंदाच्या बाळाचं. मंदा आमच्या कमलची मुलगी. कमलने आमच्याकडे बावीस वर्षं धुणीभांडी केली. शाळा सुटली की मंदा यायची आणि आईचं काम होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी वाचत बसायची. मी शाळेत शास्त्र शिकवायचे. चौरस आहार हा माझा हातखंडा धडा.

मांजरी मागे पडली आणि ऊस दिसू लागला. शेजारच्या बाईंनी कुठं उतरायचं हाय म्हणून विचारलं, मी ऐटीत माहीत आहे म्हणाले आणि एक थांबा आधीच उतरले. पुणेकराला रस्ता सांगायला आवडतं, विचारायला नाही. भर उन्हात तंगडतोड झाली.

काम सुटल्यावर कमल इथेच राहायला आली होती, मंदा बाळंतपणाला तिच्याकडे आलेली. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. कमल दारातच भेटली. पन्नाशीत गुडघे गेलेत, हाडं ठिसूळ झालीत, त्यात आता साखर निघालीय. आयुष्यभर चहा-पावावर दिवस काढला बाई, म्हणाली. मंदाने बाळ माझ्या मांडीवर दिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. दोन महिन्यांच्या त्या जिवाला मी चांदीचे वाळे आणले होते, सराफाकडचे सगळ्यांत लहान. पायात घातले तर टाचेवरून निसटून खाली पडले.

मग कमलनेच सांगितलं. पोटुशी असताना सासूने मंदाला कमीच जेवू दिलं. बाळ लहान राहिलं की सुटका (बाळंतपण) सोपी होते म्हणे. आता बाळाचं वजन वाढत नाही. महिन्याभरात वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल, असं नर्सबाईंनी बजावलंय. आईच्याच अंगात रक्त नाही, लहानपणापासूनची उपासमार आहे, आधी तिला जेवू घाला, असंही म्हणाल्या.

भाकरी आणि शेवग्याचं कोरड्यास (कालवण) माझ्यापुढे आलं. मी मंदाला शेजारी बस म्हटलं.

"माझं झालंय, बाई. मघाशीच जेवले."

"कशाचं जेवलीस?" कमल चुलीपासून म्हणाली. "सकाळपासून चहावर हाय ती. तिला ती सवयच लागलीय बाई. तुमच्याकडं यायची तवा तुम्ही इचारायचा, जेवून आलीस ना गं? ही आपली मान हलवायची. घरात काय असायचं तवा?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सहज सांगत होती. मी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. आमच्याकडे प्रश्नच असा विचारतात की समोरच्याने हो म्हणून मोकळं व्हावं. या रीतीवरचे विनोद मी चारचौघांत हसून सांगितलेत. अन् एक दहा वर्षांची पोर, समोर तव्यावर पोळी फुगत असताना, रोज मान डोलवत होती. आल्यागेल्याला मी कौतुकाने सांगायचे, किती गुणी मुलगी, कशाला हात म्हणून लावत नाही! शरम वाटते लिहिताना.

मी भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा तिच्या ताटलीत ठेवला आणि ती खाईपर्यंत हात आवरून बसले. ती मान खाली घालून भराभर जेवली, कुणी पाहील की काय अशी. बस चुकली. चुकू दे. आठवड्याने नाचणी, गूळ, शेंगदाणे घेऊन येते म्हणाले, तर कमल म्हणाली, या की.

परतीच्या बसमध्ये मनाची समजूत घालत होते. मला कसं कळणार? पोरीने सांगायला नको? हडपसरपर्यंत ती समजूत टिकली. मग नाही टिकली. भुकेलं मूल कसं ओळखावं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलंय. निस्तेज डोळे, कोरडे ओठ, वाचतावाचता पेंगणं. मंदा आमच्या दाराशी रोज पेंगायची. मला कळत होतं. कळत होतं, म्हणूनच मी तसं विचारत होते.