पडवीतलं मांडूळ

बालवाडी चालवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. पावसाळ्यात बेडूक यावेत तसे ते आपणहून पडवीत येऊन बसतात!

कर्जतजवळच्या आमच्या गावात मी घराच्या पडवीत वीस वर्षं बालवाडी चालवली. शाळेचं तोंड न पाहिलेली मी, पुड्यांच्या कागदांवर अक्षरं शिकले. सत्तर सालच्या सुमारास बांध खणताना मांडूळ सापडलं. बिनविषारी, गरीब साप. मातीच्या पेटीत ठेवलं. नेहमी वेटोळं करून बसे, म्हणून पोरांनी नाव ठेवलं लाडू. माझे नियम दोनच: पेटीजवळ पाय आपटायचे नाहीत, आणि लाडूला हात लावायच्या आधी अन् नंतर हात धुवायचे.

*

पाटील तणतणत आले. "बाई, हे जनावर फेका, नायतर बालवाडीला कुलूप घालीन! आमची तुळसा येते हितं!"

तुळसा त्यांची पाच वर्षांची नात.

मी म्हटलं, "तुळसा घाबरत नाय, तुमी घाबरता. तुमी येऊ नका!"

*

मांडुळाला दोन तोंडं, सहा महिने हे चालतं, सहा महिने ते, असं अख्खं गाव सांगे. आम्ही पुढच्या टोकाला हळदीचं बोट लावलं. पुसलं की तुळसा पुन्हा लावायची. सहा महिने झाले तरी हळदच पुढे, तशी ती पाटलांना म्हणाली, "आजोबा, मागं शेपूटच हाय. तुमी कदी बगितलंच नाय!"

*

नागपंचमीला बायकांनी लाडूपुढे वाटीभर दूध ठेवलं. थोड्या वेळात वाटी रिकामी! बायकांनी हात जोडले.

तुळसाच्या ओठांवर पांढरी मिशी होती.

*

शेवटी पाटलांनी तालुक्याचे साहेब आणले. साहेबांनी बशीतला वडा उचलत विचारलं, "सापापासून मुलं शिकतात तरी काय?"

तुळसा म्हणाली, "हात धुवायला!"

साहेबांनी वडा खाली ठेवला. जाताना मात्र बोलले, "बालवाडीचं काय ते कळवतो."

*

त्याच आठवड्यात पाटील खळ्यावर पेंढा उचलायला वाकले. मागून तुळसा हळूच म्हणाली, "आजोबा, हलू नका. पेंढ्यात साप हाय, त्याच्या अंगावर साखळी हाय. साखळी म्हंजे घोणस, बाईंनी सांगितलंय."

पाल पडली तरी गाव गोळा करणारा माणूस! खांबासारखा उभा राहिला. घोणस कुकरसारखी फुसफुसली आणि बांधाकडे निघून गेली.

दुसऱ्या सकाळी पाटील पडवीसमोर हजर. मला वाटलं, कुलूप घेऊनच आले.

त्यांनी चपला काढल्या. रांजणातलं पाणी घेऊन दोन्ही हात धुतले. पोरांच्या रांगेत, तुळसाशेजारी मांडी घालून बसले.

"बाई," म्हणाले, "लाडू कुठाय?"