मास्तर बाहेरच बसले

दारू पिणाऱ्याच्या घरी गेलं की मास्तर आधी जमिनीवर बसत. कोणी खाट पुढे केली तरी "आमी खालीच बरे" म्हणत. वरून बोललं की पिणाऱ्याला ऐकूच येत नाही, असं त्यांचं मत होतं.

दारूबंदीची ती वर्षं. पिणाऱ्यांना समजावून त्यांची दारू सोडवायचं काम शिकायला मी अमरावतीला मास्तरांकडे आलो, राजापेठेत खोली घेऊन राहिलो. तुम्ही असे प्रचारक पाहिलेच असतील, हातात कर्णा आणि सडलेल्या काळजाचं रंगीत चित्र. मीही एक जळजळीत भाषण पाठ करून आलो होतो. मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता पेणाऱ्याले बोलू द्या," ते म्हणाले. मी ओशाळलो.

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. आपल्या रक्ताच्या माणसाला समजवायला आपण जायचं नाही. तिथे राग येतो आणि केलेलं काम बिघडतं, असं ते सांगत.

त्यांचे थोरले भाऊ बार्शीटाकळीला मजुरी करायचे आणि हातभट्टीची प्यायचे. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते. दारू सुटली नाही तर माणूस हाती लागणार नव्हता. मास्तर मला तिथे घेऊन गेले, पण स्वतः बाहेर कडुलिंबाखाली बसले.

भाऊंनी माझं निमूट ऐकलं. मग म्हणाले, "बुद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा धाकट्याच्या बाजूले उभा राहून शपथ घेतली होती मी, दारू पेणार नाही म्हून. मोडली, ते बी त्यालेच सांगीन. त्याले आत पाठवा."

मी बाहेर येऊन निरोप दिला. मास्तर उठले, दारापर्यंत गेले आणि मागे फिरले. "मी गेलो तं भांडण होईन. तुमीच बोला."

नंतरही आम्ही जात राहिलो. भाऊ दर वेळी तेच मागत आणि मास्तर बाहेरच बसत. मला मास्तरांचा भयंकर राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

थंडी पडायच्या सुमारास भाऊ गेले. आम्ही पोचलो तेव्हा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मास्तर या वेळी थांबले नाहीत. सरळ प्रेताजवळ गेले, चादरीवरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाले, "भाऊ, आलो मी आत. बोल नं आता."