ओसरीवरची शेगडी

गिरणीचा पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. त्या आवाजात मी ही गोष्ट एक-दोनदा मोठ्यानं बोलून पाहिली आहे. समोर ज्वारीचे डबे घेऊन बाया उभ्या होत्या. त्यांना वाटलं असेल, अक्का गाणं म्हणतेय. त्यापलीकडे कुणाजवळ नाही — ना मठातल्या स्वामींपुढे, ना माझ्या नणंदेपुढे, जिला मी पोटातलं सगळं सांगते. मग तुम्हालाच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उलट काही विचारू शकत नाही. मी पहिल्यापासून अशीच, आपली सोय बघणारी.

शिवराज माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मीच त्याला वाढवला. पुढं माझं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मी लोहाऱ्याला माहेरी परत आले आणि वडलांची पिठाची गिरणी चालवायला घेतली. शिवा आयटीआय करून मस्कतला गेला, एसी दुरुस्तीच्या कामावर. गावातले लोक म्हणायचे, अक्कानं भावाला पोटच्या पोरासारखं केलं. मला ते ऐकायला फार आवडायचं — खोटं कशाला बोलू?

त्याच्यासाठी मी उमरग्याची मुलगी पाहिली होती. बोलणी झाली, तारीख तेवढी काढायची राहिली. शिवा फोनवर ‘हं, हं, तू बघ’ म्हणत राहिला. आणि एक दिवस फोनवरच सांगून मोकळा झाला की त्याचं लग्न झालंय. म्हणजे कधी? तर वर्ष उलटून गेलं होतं. बायको फिलिपिन्सची, तिथल्या एका दवाखान्यात काम करणारी. मारिसेल तिचं नाव, तो मारी म्हणायचा. वर्षभर मी इथं त्याच्या लग्नासाठी सोमवार धरत होते, आणि तो तिकडे संसार करत होता. उमरग्याला जाऊन मुलीच्या वडलांना मलाच सांगावं लागलं. त्यांनी पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भावानं मला दगा दिला असं मला वाटलं. आजही वाटतं. हे सांगते ते स्वतःला सोडवून घ्यायला नाही — पुढचं कळावं म्हणून सांगते.

मग तो परत आला. बायकोला घेऊन आला आणि आजार घेऊन आला. पोटाचा कॅन्सर, हाताबाहेर गेलेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, मागेल ते खाऊ द्या, दुखणार नाही एवढं बघू. मारी दाराशी उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण दवाखान्यातली बाई, तिला माझ्या आधी कळलं होतं.

आमच्या घरात एक रीत होती. आम्ही लिंगायत; गळ्यात इष्टलिंग नाही त्यानं चुलीला हात लावायचा नाही. आता कितीतरी घरांत हे कुणी बघत नाही. आमच्याकडेही वडील गेल्यावर ढिलं झालं होतं. गिरणीवरचा कुणीही आत येऊन चहा टाकायचा. मारी आली आणि मला रीत आठवली. मी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबवलं. ती रागावली नाही, रडली नाही. बाजारातून विजेची शेगडी आणली, ओसरीच्या कोपऱ्यात मांडली, आणि तिथं शिवासाठी आल्याची पेज करायला लागली — पातळ भात, भरपूर आलं, वर तळलेला लसूण. मी केलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, त्याच्या लहानपणापासूनच्या आवडीची, तो दोन घास घेऊन ओकून टाकायचा. तिची पेज पोटात राहायची. तो तिच्या हातानं खायचा, तिच्या हातानं कूस बदलायचा. मी उशाशी गेले की म्हणायचा, अक्का, तू दमलीस, जा झोप.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरनं? होय. एवढ्यावरनं.

मारीला इथं राहायची परवानगी होती ती शिवाची बायको म्हणून. तिची मुदत संपत आली होती. वाढवून घ्यायची तर दोघं खरंच नवरा-बायको म्हणून एकत्र राहतात का, हे पोलीस घरी येऊन बघतात. तसा एक जमादार आला. वयस्कर, सभ्य माणूस. चपला बाहेर काढून ओसरीवर बसला. त्या दिवशी मारी घरी नव्हती. शिवाच्या दुखण्याच्या गोळ्या लोहाऱ्यात मिळायच्या नाहीत, म्हणून पहाटेच सोलापूरला गेली होती. शिवा आतल्या खोलीत होता. जमादारानं विचारलं, बाई कुठं हायत?

काय सांगायचं होतं मला? गोळ्या आणायला गेली, संध्याकाळी येईल — एवढंच. खरं होतं ते, सोपं होतं.

“न्हाय राहत ती हितं,” मी म्हणाले. “दोघांचं पटत न्हाय. कवातरी येती, भांडती, अन् जाती निघून.”

त्यानं कोपऱ्यातली शेगडी बघितली. मग ही कुणाची, म्हणाला. मी सांगितलं, आली की तिचं ती वेगळं करून खाते, माझ्या भावाला हातसुद्धा लावत नाही. इतकं सहज सांगितलं की माझं मलाच नवल वाटलं. शेगडी तिथं मीच ठेवायला लावली होती, आणि आता तीच माझी साक्ष देत होती. त्याला शिवाला भेटायचं होतं. मी म्हणाले, रात्रभर कण्हत होता, आत्ता कुठं डोळा लागलाय. बिचाऱ्यानं आवाज खाली आणला. राहू द्या मावशी, उठवू नका, म्हणाला. चहा घेऊन गेला.

संध्याकाळी मारी एसटीनं आली. गोळ्या आणल्या होत्या, आणि शेंगाचटणीचा पुडा. चटणी माझ्यासाठी. अक्काला आवडते, हे शिवानं तिला कधीतरी सांगितलं असणार. ती चटणी मी खाल्ली.

थोड्या दिवसांनी कळलं की मुदत वाढत नाही, देश सोडून जावं लागेल. मारी धाराशिवला ऑफिसात जाऊन आली. तिथल्या साहेबांनी तिला वाट दाखवली होती — घरातल्या कुणीतरी समोर येऊन जबाब द्यावा की हे दोघं एकत्र राहतात, मग परत चौकशी लावू. शिवा अंथरुणाला खिळलेला, मग घरात कोण होतं? मी होते. ती तिच्या मोडक्या हिंदीत मला म्हणाली, पोलीस चुकून दुसऱ्याच घरी गेला असेल. माझा तिला संशयसुद्धा आला नाही. एकदा तरी तिनं माझ्याकडे तसं बघायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. का, ते विचारू नका.

मी म्हणाले, जाऊ की, उद्या जाऊ. उद्या गिरणीची मोटर बिघडली. परवा माझा उपास होता. नंतर पाय दुखत होता. आणि एक सल्लाही दिला मी तिला, मोठेपणानं — शिवाला यातलं काही सांगू नको, तो खचून जाईल. तिला ते पटलं. रोज ती मला धाराशिवला चलण्याबद्दल विचारायची आणि मग आत जाऊन त्याच्यासमोर हसायची.

असे दिवस काढता येतात. कुणाला वाईट न बोलता, हात न उगारता एखाद्या बाईला देशाबाहेर घालवता येतं. मला जमलं.

ती गेली त्या सकाळी तिनं पेज करून ठेवली. मला ओसरीवर बोलावून दाखवलं, आलं किती, पाणी किती, लसूण कधी काढायचा. शिवा औषधाच्या गुंगीत होता. तिनं त्याच्या कपाळाला कपाळ लावलं. बाहेर येऊन माझे दोन्ही हात धरले.

“अक्का, उसको बोलना, मैं छोड़के नहीं गई,” म्हणाली. “बोलना ज़रूर.”

मी मान हलवली. तिला एसटीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटलीही दिली.

दुपारी शिवा जागा झाला. मारी कुठं हाय, म्हणाला. मी सांगितलं, गेली तिच्या देशाला.

“काय म्हणाली?”

“काय न्हाय.”

तुम्हाला वाटलं असेल, जमादाराशी खोटं बोलले तोच माझा गुन्हा. मलाही बरेच दिवस तसंच म्हणायला बरं वाटायचं — रागाच्या भरात एक शब्द निघून गेला, झालं. पण हा दुसरा शब्द रागाच्या भरात नव्हता. मी त्याच्या पांघरुणाची घडी नीट करत करत तो बोलले. आणि त्याचा फोन? फोन मी बंद करून ज्वारीच्या पिंपात खाली घातला. बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय, म्हणून सांगितलं. माझ्या फोनवर ती रोज करायची. मी अंगणात जाऊन बोलायचे — झोपलाय, आत्ताच झोपला. आत तो विचारायचा, तिचा आला का? मी म्हणायचे, गिऱ्हाईकाचा होता. पुढं पुढं त्यानं विचारायचं सोडलं.

मी तिच्यासारखी पेज केली. आत, माझ्या चुलीवर. त्यानं एक घास घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. बायकोनं दगा दिला म्हणून माझा भाऊ भिंतीकडे बघत पडून राहिला, आणि दगा देणारी त्याच्या पायाला तेल लावत बसली होती. दगा काय असतो हे मला उमरग्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्याच्या ताटात तोच वाढला.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं माझा हात शोधला.

“ती गेली ती गेली, अक्का,” म्हणाला. “तू हाईस.”

हेच मला ऐकायचं होतं. त्याच्यासाठी मी सगळं केलं ते हे एक वाक्य ऐकायला. ते मिळालं, आणि त्या घटकेला मला आनंद झाला. होय — दुःख नंतर आलं, आधी आनंद झाला. हे सांगायलाच इतकं लांबून फिरत आले.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. त्याला विभूती लावून बसवलं तेव्हा लोकांत कुजबुज चालली होती, बायको कुठाय. कुणीतरी म्हणालं, परक्या देशाची, माणूस आजारी पडला की पळाली. मी ऐकलं. गिरणीवर बाया अजून तसंच बोलतात, मी डब्यात पीठ भरत राहते. शेगडी ओसरीच्या कोपऱ्यात आहे तिथंच आहे.

आणि मारी? मारी दर रविवारी चर्चमधून आली की फोन करते. मला अक्काच म्हणते. तब्येत विचारते, पाय कसा आहे म्हणते. तुम्ही होतात म्हणून तो एकटा नव्हता, असं म्हणून रडते. आणि ठेवायच्या आधी एकच विचारते, दर वेळी तेच — मी जे सांगायला सांगितलं होतं, ते त्याला सांगितलंत ना?

मी म्हणते, हो, सांगितलं. परवाच्या रविवारीही म्हणाले.