देवासमोरचा शब्द

“उभ्या राहा हो बाई. पदर नीट घ्या आणि सांगा मंडळीला, थोडक्यात समाधान कसं मानायचं!”

पाळकसाहेब माईकवरून बोलले. उपकारस्तुतीचा रविवार. नाशिकरोडचं आमचं चर्च गच्च भरलेलं. मंडळी हसली, कौतुकानं. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

दोनच मिनिटांपूर्वी त्यांनी जाहीर केलं होतं, मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग कोर्सच्या प्रवेशासाठी आपल्या मंडळीचं शिफारसपत्र खजिनदारांच्या मुलीला दिलंय.

ते पत्र माझ्या पोरीचं होतं. वर्षाला एका मंडळीचं एकच पत्र जातं. बारावीला मार्क माझ्या पोरीला जास्त. साहेबांनी माझ्या घरात गुडघे टेकून प्रार्थना केली होती. उठताना म्हणाले, “पत्र तुमच्याच पोरीचं. देवासमोर शब्द देतो.” त्या भरवशावर आम्ही दुसरीकडे कुठे फॉर्मच भरला नाही. देवासमोरचा शब्द, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? येडी मी!

बारा वर्षं हे चर्च झाडते. बाक पुसते, प्रभुभोजनाचे पेले घासते. आम्ही नांदगावकडचे, गावकुसाबाहेरचे. इथं सगळे एका पंगतीत बसतात असं ऐकून सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंगत एकच आहे, खोटं कशाला बोलू. वाढायला मात्र कायम आम्ही. आणि समाधानाची साक्ष द्यायला दरवर्षी मीच. द्यायचे पण, मनापासून. डोक्यावर छप्पर आहे, पोटाला भाकर आहे, प्रभूचे उपकार. त्यात ढोंग नव्हतं. म्हणून तर लय लागलं.

पोरगी मागच्या बाकावर होती. रडत नव्हती. आई काय बोलते, एवढंच बघत होती.

“बोला, बोला,” साहेबांनी माईक पुढे केला. “बायबलातला पौल तर तुरुंगातही समाधानी होता.”

“होता साहेब. त्याच्या मनानं होता. ज्यांनी कोंडलं त्यांनी नाय सांगितलं त्याला, समाधान मान म्हणून.”

मी माईक त्यांच्या हातातून घेतला.

“देवाचे उपकार मानते मी. तुमचे नाय. तुम्ही माझ्या घरात गुडघे टेकून खोटं बोललात.”

खजिनदार ताडकन उठले. “खाली बसा! देवाचं घर आहे हे!”

“म्हणूनच इथं बोलते.”

पत्र काही बदललं नाही. पोरीचं वर्ष गेलं. पाळकीणबाई घरी येऊन म्हणाल्या, क्षमा करायला शिका. मी म्हटलं, आधी मागायला तर या कोणीतरी.

पोरगी पुढच्या वर्षी सरकारी कॉलेजचा फॉर्म भरणार, कोणाच्या चिठ्ठीशिवाय. मी प्रार्थना सोडणार नाही. चर्च तर मुळीच नाही, कोणाच्या बापाचं नाही ते. पत्राला मंडळीच्या कमिटीची मंजुरी लागते. तिच्या निवडणुकीला मी नाव दिलंय. पत्र कोणाला जायचं, ते यापुढे माझ्यासमोर ठरेल.