दंडाच्या बाई

मदतसंस्थेच्या कार्यालयात त्यांना ‘दंडाच्या बाई’ म्हणतात. हे नाव कसे पडले, याच्या दोन हकिकती मी टिपून घेतल्या: एक खुद्द बाईंची, दुसरी जीपच्या ड्रायव्हरची. दोहोंत फरक एवढाच, की ड्रायव्हरच्या हकिकतीत ड्रायव्हर अधिक शूर आहे. जिथे दोघांचे जुळले नाही तिथे मी बाईंचे ग्राह्य धरले. त्यांच्या सांगण्यात त्यांची स्वतःची फजिती जास्त येते, आणि स्वतःची फजिती कुणी सहसा रचून सांगत नाही.

बाई मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचे मशीन, मागच्या खोलीत सासूबाई, नवरा आणि स्वयंपाक. संस्थेला लहान मुलांची मापे घेणारी माणसे हवी आहेत असे कळल्यावर त्यांनी अर्जात ‘मापे घेण्याचा दांडगा अनुभव’ असे लिहिले. मुलाखत घेणारे डॉक्टर हसले. पण मूल रडायच्या आत माप घेऊन मोकळे होणारे त्यांचे हात पाहिल्यावर त्यांनी बाईंना दुसऱ्याच दिवशी कामावर बोलावले. सासूबाईंचे मत मात्र आजतागायत बदललेले नाही. घरच्या माणसाच्या सदऱ्याला बटण लावायला हिला सवड नाही, आणि ही निघाली जगाची मापे काढायला, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. सुनेला जेवायला उशीर झाला की ताट झाकूनही त्याच ठेवतात.

काम असे. मुलाच्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, एक अरुंद पट्टी गुंडाळायची. पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. खूण लालवर थांबली तर मूल धोक्यात.

त्या वर्षी पाणवठे एकामागून एक आटले. जनावरे घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या आधी गाई गेल्या, मग मेंढ्या. तग धरला तो शेळ्यांनी, त्यांनाही दूध नव्हते. दूध हेच ज्यांचे जेवण, त्यांच्या मुलांचे काय झाले असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण बाई ज्या ज्या तळावर जात तिथे मूल म्हणून दृष्टीस पडेना. तंबूच्या दोऱ्यांवर झबली वाळत असत, झबल्यांचे मालक बेपत्ता. एका तळावर त्यांनी फारच खोदून विचारले, तेव्हा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, आमच्यात सगळे मोठेच जन्मतात. कार्यालयात यावर गंभीर चर्चा झाली. हे लोक फार संशयी आहेत, असा निष्कर्ष साहेबांनी काढला. बाई म्हणाल्या, संशयाला काहीतरी कारण लागते. आपण काय केले ते आधी बघू.

कारण सापडले ते कोरड्या नदीच्या काठच्या तळावर. शेवटच्या तंबूतली एक आजी हातात शेळीची दोरी घेऊन पुढे आली, बाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “बाई, पोरीचा दंड किती होतो?”

आजींना विषय ठाऊक आहे असे वाटून बाई खूश झाल्या. “ते मोजल्यावरच कळेल. पोरगी कुठाय?”

“पोरगी नाही दाखवायची. ही शेळी घ्या आणि मिटवून टाका. लहान आहे हो, तिचा अर्धाच दंड घ्या.”

दोरी हातात आली तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. जीपच्या कर्ण्यावरून तळातळावर एक सूचना वाजत असे. ती कार्यालयातल्या कारकुनाने लिहिली होती आणि ड्रायव्हरने आपल्या भरदार आवाजात ध्वनिमुद्रित केली होती: ‘सर्व लहान मुलांचा दंड मोजला जाईल. एकही मूल सुटणार नाही.’ राखीव कुरणात जनावर शिरले म्हणून, कुणाच्या बांधावर ते थांबले म्हणून, या लोकांनी जन्मभर दंडच भरला होता. त्यांना या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. (ड्रायव्हरच्या हकिकतीत ही सूचना नाही.)

बाईंनी दोरी परत दिली, बाही वर सारली आणि पट्टी आजींच्या हातात ठेवली. “आधी माझा मोजा.”

पट्टी मुलांची, बाईंचा हात पोळपाट-लाटण्यावर आणि शिलाई मशीनवर पोसलेला. दोन्ही टोके एकमेकांना भेटेनात. आजींनी पट्टी ओढून पाहिली, मग बाईंकडे, मग पट्टीकडे पाहिले, आणि गोष्ट ध्यानात आली तशी त्यांनी तो दंड चिमटीत धरला.

“एवढा मोठा दंड भरायचा तर अख्खा कळप विकावा लागेल, लेकी.”

तंबूंच्या आडून बायका हसल्या. हसू तळभर पसरले आणि त्यामागोमाग मुले निघाली: घोंगड्यांच्या ढिगातून, रिकाम्या पिंपातून, एक तर चक्क जीपखालून. बाईंनी भराभर मापे घेतली. पुष्कळ पिवळी निघाली, काही लाल. आजी सर्वांत शेवटी नातीला कडेवर घेऊन आल्या. खूण लालमध्ये खोलवर गेली. अर्धाच घ्या असे आजी म्हणाल्या होत्या. तो अर्धाच होता.

आता प्रश्न एकच होता. अशा मुलाला शेंगदाण्याच्या गोड लगद्याचे पाकीट देऊन पाहतात. मूल आपणहून खाऊ लागले तर पाकिटे सोबत देऊन उपचार तळावरच होतात. तोंड फिरवले तर शहरातले इस्पितळ. तळ सकाळीच पाण्याच्या शोधात हलणार होता, आणि एकदा हलला की कुठे गाठायचा हे कुणालाच सांगता येत नसे. आजी म्हणाल्या, मी शहरात यायची नाही आणि पोरीला एकटी धाडायची नाही.

पोरीने तोंड फिरवले. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाची भूकच मरते. ते मागत नाही, रडतही नाही. बाईंनी लगदा तिच्या ओठाला लावून पाहिला. आजी आर्जवे करू लागल्या: हा घास शेळीचा, हा घास करडाचा. पोरगी दगडासारखी बसून. बाईंनी ड्रायव्हरला जीप शहराकडे वळवायला सांगितले.

तेवढ्यात एक करडू खरोखरच आले. (ते आपणच सोडले असे ड्रायव्हर म्हणतो, पुरावा नाही.) आपल्या नावाचा घास ऐकल्यासारखे ते सरळ पाकिटाला भिडले आणि कड धरून ओढू लागले. पोरीने पाहिले. मग दोन्ही हातांनी पाकीट हिसकले आणि असा सूर लावला की पलीकडची शेळी दचकून उठली. कुणीतरी करडाला हाकलायला धावले, तर बाई म्हणाल्या, “राहू द्या त्याला तिथेच. त्याच्या भीतीने तरी खाईल.”

पोरगी ओरडत होती आणि मधूनमधून पाकीट चोखत होती. एक हात करडाच्या कपाळावर, त्याला दूर लोटायला. आजी मांडी ठोकून म्हणाल्या, “भांड बाई, भांड त्याच्याशी.” ड्रायव्हरने इंजिन बंद केले.

उजाडताच तळ हलला. गाढवावर पाकिटांची खोकी, आणि आजीच्या कडेवर पोरगी, शहराकडे पाठ करून.