पापणीबाईंचा काप

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पापणीबाई म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, दरारा जास्त. रुग्णाच्या शरीरातून सुईने काढलेला कणभर तुकडा राळेत घट्ट बसवायचा आणि हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप काढायचे, हे बाईंचं काम. काप किती पातळ म्हणाल? अहो, कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे गोधडी! सुरीमागच्या इवल्याशा पाण्यावर तो तरंगतो. चंदेरी दिसला तर जमला, जांभळा दिसला तर जाड झाला, द्या टाकून. बोटाने धरायची सोयच नाही, म्हणून काडीला पापणीचा एक केस चिकटवलेला असतो. त्या केसाने कापाला हळूच ढकलत तांब्याच्या जाळीवर घ्यायचं. हा केस बाईंना स्वतःच्याच पापणीचा लागे. दुसऱ्या कुणाचा म्हणे ऐकत नाही! मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशीच्या पोटातलं सगळं उघडं पडतं, अगदी केंद्रकाच्या आतलंसुद्धा.

"आणि घरी भेंडी चिरते ती मात्र अंगठ्याएवढी," नवरोबा पाहुण्यांना सांगत.

"मग? भेंडी काय मायक्रोस्कोपखाली ठेवायचीय?" बाई फटकन म्हणत. पाहुणे हसत. नवरोबांची छाती तेवढ्यात उगाचच फुगलेली असे.

एकदा असाच एक तुकडा आला. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला आपलं मूत्रपिंड दिलं होतं. छान चाललं होतं, आणि अचानक ते कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी बाईंना समजावून सांगितलं, "दोनच शक्यता आहेत. एक तर त्याचं शरीर हे परकं मूत्रपिंड झिडकारतंय, नाहीतर मूत्रपिंडात विषाणू शिरलाय. झिडकारत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची, विषाणू असेल तर तीच औषधं कमी करायची. चुकलो तर मूत्रपिंड गेलंच समजा. विषाणू असला तर केंद्रकात दिसेल."

बाईंनी काप काढले, तेही फक्कड चंदेरी. रंग द्यायचा राहिला होता. हा रंग शिशाचा, आणि महा नखरेल! त्यावर माणसाचा उच्छ्वास पडला की काळे कण धरतात. म्हणून रंग देताना बाई तोंड फिरवून श्वास घेत. पण त्या दिवशी रंग देण्याआधी त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या आणि बाकावर बसलेल्या बहिणीने त्यांना गाठलं.

"तुम्हीच कापता ना ते? मला एवढंच सांगा, त्याच्या अंगाला मी नकोशी झालेय का हो?"

"डॉक्टर सांगतील," एवढं म्हणून बाई आत आल्या, जाळीवर रंग दिला, आणि त्या प्रश्नाच्या आठवणीने त्यांच्या तोंडून एक मोठा सुस्कारा गेला. गेला तो गेलाच.

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. केंद्रकावर काळे ठिपके, बाहेर ठिपके, नुसत्या राळेवरही ठिपके. "बाई," ते हळूच म्हणाले, "तुमचा श्वास लागलाय याला."

इतक्या वर्षांत बाईंनी नाकावर माशी बसू दिली नव्हती, आणि आज हे! तुकडा संपत आला होता. भावाची तब्येत अशी, की पुन्हा सुई घालता येणार नव्हती.

"दुसऱ्या कुणाला देऊ का?" डॉक्टरांनी विचारलं. ते चांगुलपणानेच विचारत होते, तरी बाईंना ते झोंबलं.

"माझ्यासारखा हात आहे का इथे कुणाचा?" बाई म्हणाल्या. "नाही ना? मग सरका बाजूला."

खरंच नव्हता. डॉक्टर सरकले.

बाईंनी दार लावून घेतलं, पंखा बंद केला. सुरी खाली येत राहिली आणि पाण्यावर एकाला एक चिकटून काप उतरले, सगळे चंदेरी. शेवटी सुरीखाली नुसती राळ येऊ लागली. यातलं काही बिघडलं तर आता दुसरं नव्हतंच. पापणीच्या केसाने त्यांनी काप जाळीवर घेतले, रंग दिला, आणि तो धुऊन होईपर्यंत मान भिंतीकडे ठेवली.

या वेळी पडदा लख्ख होता. एकही डाग नाही! आणि केंद्रकाच्या आत एकसारखे गोल कण, शिस्तीत ओळी करून बसलेले.

"विषाणू!" डॉक्टर ओरडलेच. "औषधं कमी करायची. बाई, काय कापलंत हो!"

"माझंच काम आहे ते," बाई म्हणाल्या, पण ऊर भरून आला होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. "त्या बहिणीला आत बोलावू या. बाहेर सुकून गेलीय बिचारी."

बहीण आली. डॉक्टरांनी सगळं समजावलं, तरी तिची नजर पडद्यावरून हलेना.

"ही माझ्या भावाची पेशी?"

"त्याच्या अंगातली," बाई म्हणाल्या, "पण पेशी तुमची, ताई. मूत्रपिंड तुमचं, तर हे केंद्रकही तुमचंच."

बहिणीने पडद्याजवळ जाऊन ते पुन्हा पाहिलं.

"म्हणजे आजारी मी पडलेय. त्याने मला हाकललेलं नाही."

"नाही हाकललेलं."

तिने डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे वळून चक्क दरडावलं, "मग बघताय काय? करा मला बरी! थोरली आहे मी त्याची, इतक्यात नाही हार मानायची."